न खेळलेली अंतिम लढत

विजय अमृतराज यांच्या कारकिर्दीचे मोल सांगताना बहुधा १९७३ सालाचा दाखला दिला जातो. त्या वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन खुली स्पर्धा या दोहोंत त्यांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. अमेरिकेत तर रॉड लेव्हरसारख्या दिग्गजाला नमवले. परंतु त्यांच्या पिढीचे मोठेपण जोखायचे, तर १९७४ साली न खेळल्या गेलेल्या लढतीकडे पाहावे लागेल. कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला आणि पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून भारत डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी राजवटीचा दक्षिण आफ्रिका होता. भारताने खेळण्यास नकार दिला आणि करंडक प्रतिस्पर्ध्याकडे गेला. हा निर्णय देशाचा होता आणि तो निःसंशय योग्य होता. त्याची किंमत मात्र खेळाडूंनी मोजली. १९८७ साली, वयाच्या ३४व्या वर्षी, अमृतराज पुन्हा अंतिम फेरी खेळले. स्वीडनने भारताला ५-० असे हरवले. तो करंडक भारताला आजतागायत लाभलेला नाही.

२०२४ साली आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. जगाने दखल घेतली, हे उत्तमच. पण तत्त्वासाठी सोडलेल्या विजयाची नोंद कोणत्याही विजेत्यांच्या यादीत होत नसते. ती ज्या देशासाठी सोडला, त्या देशाच्या स्मरणातच राहायला हवी.