रेन लिलीवर कसला राग काढता?

पहिला पाऊस होऊन चार दिवस गेले की गोव्यातल्या अंगणांत, कचेऱ्यांच्या कुंपणांशी गुलाबी फुले वर येतात. तीच आपली रेन लिली. हल्ली काही निसर्गप्रेमी तिच्यावर उठले आहेत. म्हणे, परकी आहे, उपटून टाका!

परकी आहे, हे मान्य. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. विल्यम हर्बर्ट या इंग्रजाने १८२१ साली तिच्या प्रजातीला 'झेफिरँथस' म्हणजे पश्चिमवाऱ्याचे फूल असे नाव दिले. आपल्याकडे ती हौसेने बागेत आली आणि कांद्याला कांदा फुटत कुंपणाबाहेरही रुजली.

मी सरकारी कारकून. रहिवासी दाखल्यासाठी माणसांची होणारी धावपळ रोज पाहतो. आता फुलांकडेही दाखला मागायचा? मग यादी पुरी करा. काजू ब्राझीलचा, मिरची अमेरिकेची, लग्नाच्या हारातला निशिगंध मेक्सिकोचाच. काजू उपटायला कधी निघताय तेवढे कळवा, म्हणजे फेणी भरून ठेवता येईल.

परक्या झाडांचा उपद्रव मी नाकारत नाही. रानमोडी बघा. तीही अमेरिकेतलीच, पण मोकळा डोंगरउतार दिसला की व्यापते, खाली दुसरे काही वाढू देत नाही. तिच्या मागे लागा, मीही कोयता घेऊन येतो. लिलीचे बेट मात्र वर्षानुवर्षे कुंपणापासून हातभर सरकते. खटला वागणुकीवर चालवावा, जन्मगावावर नव्हे.

आणि देशी कांद्यांचा एवढा कळवळा असेल, तर कोकणच्या सड्यांवर चला. जांभ्या खडकावरच्या वीतभर मातीत दीपकाडीचा कांदा उन्हाळाभर दडून राहतो आणि पावसाबरोबर पांढरी फुले काढतो. ही जात जगात दुसरीकडे कुठे नाही, ती कोकणपट्टीचीच. तिच्या जागेवर कोणत्या लिलीने अतिक्रमण केले, सांगा बघू! तिथे चिरेखाणी गेल्या, जेसीबी गेले, प्लॉट पडले. सडा म्हणजे 'पडीक जमीन' असे आपणच कागदावर लिहीत आलो. त्या कागदाविरुद्ध किती जणांनी हरकत नोंदवली?

लिली उपटायला खुरपे पुरते. खाणवाल्यासमोर आणि बिल्डरसमोर उभे राहायला छाती लागते. मंडळी, आधी सडे वाचवा. लिलीचे मग सावकाश बघू.