तळ्याचे घनफूट, नळाचे लिटर

चेन्नईच्या टी. नगर वसाहतीत पाण्याचा हिशेब दोन मापांत चालतो. सकाळच्या वर्तमानपत्रात तलावांतील साठा दशलक्ष घनफुटांत छापलेला असतो. शहराला रोज किती पाणी पुरविले जाते ते दशलक्ष लिटरांत सांगितले जाते. आणि नळ आटला म्हणजे दाराशी येणारा टँकर सहा किंवा नऊ हजार लिटरांचा असतो. गृहिणीच्या मनातील प्रश्न मात्र एकच असतो : हे पाणी आणखी किती दिवस पुरेल? वर्तमानपत्रातील आकडे वाचूनही या प्रश्नाचे उत्तर तिला मिळत नाही, कारण तळे एका मापाने मोजलेले असते आणि नळ दुसऱ्या.

वाचकहो, या दोन मापांना जोडणारा आकडा सहज पाठ करण्याजोगा आहे. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. एक फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी पेटी केली, तर तीत २८.३ लिटर पाणी मावते. घरगुती भाषेत सांगायचे, तर चौदा-चौदा लिटरांच्या दोन घागरी! जुन्या पिढीच्या तोंडी गॅलन होता. ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरांचा, म्हणजे एका घनफुटात जवळजवळ सव्वासहा गॅलन. अमेरिकेतील गॅलन मात्र ३.७९ लिटरांचाच असतो. तेव्हा परदेशी पुस्तकातील गॅलन कोणत्या देशाचा आहे, हे पाहिल्यावाचून गुणाकारास बसू नये.

आता हा आकडा प्रत्यक्ष लावून पाहू. चेन्नईस पाणी देणाऱ्या तलावांपैकी चेंबरंबाक्कम तलावाची पूर्ण क्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट आहे. २८.३ ने गुणले की सुमारे १,०३,००० दशलक्ष लिटर होतात. शहराचा रोजचा पुरवठा हिशेबासाठी १,००० दशलक्ष लिटर धरला, तर काठोकाठ भरलेला हा तलाव एकट्याने शहराला सुमारे १०३ दिवस पोसू शकेल. ऊन पिऊन टाकते ते पाणी आणि तळाचा गाळ यांमुळे प्रत्यक्षात दिवस आणखी कमी होतात. तथापि ३,६४५ या अंकाने ज्याच्या मनात काहीच उमटले नव्हते, त्याला १०३ दिवस म्हटल्याबरोबर परिस्थितीची जाणीव होते. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मुख्य तलाव आटले आणि रोजचा पुरवठा ५२५ दशलक्ष लिटरांवर आला, तेव्हा टँकरपुढे रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. त्याआधी कित्येक महिने तलावांचे घटते आकडे छापून येतच होते.

येथे कोणी विचारील की, भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये केला, मग घनफूट अद्याप कसा उरला? शेर आणि पायली बाजारातून गेली. परंतु धरणांचे आराखडे आणि राज्याराज्यांमधील पाण्याचे करार जुन्या मापात लिहिलेले आहेत. कृष्णेच्या पाण्याची वाटणी करताना बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष, अर्थात एक अब्ज घनफूट. कोयना धरणाची १०५ टीएमसीची क्षमता आपल्याकडे शाळकरी मुलेही सांगतात. मात्र एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर, हे किती मोठ्यांना सांगता येईल?

आणि टी. नगरच्या नळाचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे, तो याच मापात लिहिलेला आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी या शहरासाठी सोडण्याचे मान्य केले. पुढे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांच्यात करार झाला आणि १९९६ मध्ये कृष्णेचे पाणी कालव्याने तमिळनाडूच्या सीमेवर पोचले. वाटेतील घट धरून पंधरांपैकी बारा टीएमसी मिळावे, असे ठरले होते. दर वर्षी तेवढे मिळाले असे नाही. तरीही महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या नदीतील आपला ५ टीएमसीचा वाटा लिटरांत मांडून पाहा. तो सुमारे १,४१,५०० दशलक्ष लिटर भरतो. म्हणजे वर धरलेल्या हिशेबाने या शहराचे १४१ दिवसांचे पाणी. पाच हा अंक केवढा लहान दिसतो, आणि त्यामागचे औदार्य केवढे मोठे आहे!

उणिवेप्रमाणेच अतिरेकाचेही माप समजले पाहिजे. धरणातून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असे सांगतात. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडले गेले. घागरींच्या हिशेबाने पाहा : प्रत्येक सेकंदाला अठ्ठावन्न हजार घागरी. हा वेग एक तास टिकला, तरी शहराला जवळजवळ तीन दिवस पुरेल इतके पाणी निघून जाते. नदीकाठी राहणाऱ्याला क्युसेकचा अर्थ ठाऊक असेल, तर २९,००० हा आकडा ऐकताच तो मुलांना आणि कागदपत्रांना घेऊन वरच्या मजल्यावर जाईल. ठाऊक नसेल, तर तोच आकडा त्याच्या कानांवरून निघून जाईल.

टी. नगर ही वसाहत १९२० च्या दशकात एका विस्तीर्ण तळ्यालगत उभी राहिली. ते तळे आता नाही. पश्चिम मांबलममधील एका रस्त्याच्या नावात तेवढे ‘लेक व्ह्यू’ उरले आहे. उरलेल्या तळ्यांचा हिशेब ठेवणे हे केवळ अभियंत्यांचे काम आहे असे आपण मानू नये.

यासाठी एक लहानसा उपक्रम सुचवितो. घरातील मुलाच्या हाती पेन्सिल द्यावी आणि आठवड्यातून एकदा वर्तमानपत्रातील साठ्याचा आकडा २८.३ ने गुणावयास सांगावा. आलेल्या दशलक्ष लिटरांना शहराच्या रोजच्या पुरवठ्याने भागावे आणि उत्तर दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. आपण पुण्यात असा, सोलापुरात असा वा चेन्नईत, रीत हीच. हा अंक आठवड्यागणिक उतरू लागला, म्हणजे नळ घट्ट बंद करा असे घरात कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही. आणि पालिकेला प्रश्न विचारावयाचा झाल्यास, तोही वेळेवर विचारता येईल.