दाखला तंत्रज्ञाचा, खर्च कोणाचा?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास आठवड्यातून दोनदा वा तीनदा ज्या यंत्रापाशी चार-चार तास निजावे लागते, त्या यंत्राची देखभाल, त्याचे कॅलिब्रेशन आणि त्याला पुरविल्या जाणाऱ्या पाण्याची शुद्धता ज्याच्या हाती असते, त्या तंत्रज्ञाने आपल्या ज्ञानाचा अधिकृत दाखला मिळवावा की नाही, मिळविल्यास तो ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा की नाही, आणि या सर्वांचा खर्च कोणाच्या माथी पडावा, या प्रश्नांवर सध्या दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो की हा दाखलाच निरर्थक आहे. दुसरा म्हणतो की दाखला अवश्य हवा, पण तो ज्याच्या नावाचा त्यानेच त्याचे पैसे भरावे. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. आणि दुसरा पक्ष अधिक रूढ, अधिक सोयीचा व अधिक अन्यायकारक असल्यामुळे त्याच्या परामर्शास मी अधिक जागा देणार आहे.

पहिला पूर्वपक्ष अनुभवाच्या बाजूने बोलतो. वीस वर्षे यंत्रे उघडून दुरुस्त करणाऱ्या माणसाला, नुसत्या पंपाच्या आवाजावरून ज्याला बिघाड कळतो त्या माणसाला, पर्यायांवर खुणा करण्याची परीक्षा कशाला, असे त्याचे म्हणणे. अनुभवाचे मोल कोणीही शहाणा मनुष्य नाकारणार नाही. परंतु या युक्तिवादात एक मोठी गफलत आहे. यंत्रातील बहुतेक बिघाड स्वतःची वर्दी स्वतः देतात : द्रवाची विद्युतवाहकता नेमल्या मर्यादेबाहेर गेली, तापमान चढले, रक्ताच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की घंटा वाजते आणि काम थांबते. पाण्यातील दोष अशी वर्दी देत नाही. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत या पाण्यापासून बनविलेला सुमारे १२० लिटर द्रव केवळ एका अतिसूक्ष्म पटलाच्या अंतराने रुग्णाच्या रक्तालगत वाहतो. निरोगी माणसास आतड्यांची व मूत्रपिंडांची जी राखण लाभते ती येथे नसते. आणि त्या पाण्यात क्लोरामाइन, फ्लोराइड किंवा अ‍ॅल्युमिनियम राहून गेले असेल, तर यंत्राच्या पडद्यावरील सारे आकडे यथास्थित दिसत असतानाच ते विष रक्तात उतरते.

जुलै १९९३ मध्ये शिकागो येथील एका केंद्रात पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतील रेझिनची शक्ती संपली आणि त्याने धरून ठेवलेले फ्लोराइड पाण्यात सोडले. १२ रुग्ण आजारी पडले व त्यांपैकी तिघे दगावले. फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात टँकरने आणलेल्या व पुरेशा शुद्ध न झालेल्या पाण्यातून शेवाळाचे विष रुग्णांच्या शरीरात गेले, यकृते निकामी झाली आणि ५० हून अधिक माणसे मेली. अशी आपत्ती एका तंत्रज्ञाच्या उभ्या नोकरीत बहुधा एकदाही येत नाही, आणि नेमक्या याच कारणाने अनुभव तिच्याविषयी काहीही शिकवू शकत नाही. जे क्वचित घडते पण घडल्यास प्राण घेते, त्याचे ज्ञान अध्ययनानेच मिळवावे लागते, आणि ते मिळाले आहे की नाही हे कोणीतरी त्रयस्थाने तपासावे लागते.

आपल्याकडील गोष्ट पाहा. पावसाळ्याच्या तोंडी जुलाब-उलट्यांची साथ पसरली की ग्रामपंचायत वा नगरपरिषद आपल्या टाकीतील क्लोरिनयुक्त टी.सी.एल. पावडरचे प्रमाण वाढविते, आणि गावाच्या दृष्टीने ते योग्यच असते. परंतु त्याच टाकीचे पाणी डायलिसिस केंद्रातही येते. पहाटे पहिल्या पाळीचे रुग्ण येऊन बसण्यापूर्वी तंत्रज्ञ आरओ प्लांटच्या खोलीत जातो, पाणी काही वेळ वाहू देतो, क्लोरिन शोषून घेणाऱ्या दोन कार्बन टाक्यांपैकी पहिलीच्या पुढे बसविलेल्या नळाचे पाणी लहानशा काचनळीत धरतो, तीत चिमूटभर पूड टाकतो आणि रंगाची वाट पाहतो. एकूण क्लोरिनची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे पाण्यावर गुलाबी छटा जेमतेम जाणवावी इतकी. ती छटा दिसली तर पहिली टाकी निकामी झाली असे समजून दुसरीच्या पुढचे पाणी तपासावयाचे, आणि तेथेही रंग उमटला तर बाहेर बाकावर बसलेल्या, पन्नास कोसांवरून एस.टी.ने आलेल्या रुग्णांना, त्यांच्या नातलगांच्या रोषाला आणि वरिष्ठांच्या घाईला न जुमानता, आज मशीन लागणार नाही असे सांगावयाचे. हे सांगण्याचे धैर्य ज्ञानातून येते, आणि त्या शब्दाला वजन येण्यासाठी सांगणाऱ्यास अधिकृत मान्यता लागते. यवतमाळ-चंद्रपूरकडील फ्लोराइडयुक्त भूजल आणि मराठवाड्यातील उन्हाळी टँकर ज्या प्रदेशाच्या वाट्याला आले आहेत, तेथे या माणसाच्या ज्ञानाची परीक्षा नको म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

परीक्षा एकदा दिली, आता पुन्हा पुन्हा नूतनीकरण कशाला, ही या पूर्वपक्षाचीच पोटशंका. तिचे उत्तर थोडक्यात देता येते. जुन्या अमेरिकी मानकात डायलिसिसच्या पाण्यातील जंतुविषाची मर्यादा मिलिलिटरला २ एकके होती. पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने ती ०.२५ वर, म्हणजे एक अष्टमांशावर आणली. २००५ मध्ये उत्तीर्ण होऊन जो थांबला, तो आजही आठपट दूषित पाणी निर्दोष म्हणून नोंदवील, आणि तेही संपूर्ण प्रामाणिकपणे.

आता दुसरा पक्ष. त्याची वृत्ती समजण्यासाठी अमेरिकेतील व्यवस्था पाहणे उद्बोधक ठरेल, कारण १९७२ च्या कायद्याने त्या देशाने डायलिसिसचा मुख्य भार सरकारी तिजोरीवर घेतला आणि त्यानंतर या क्षेत्राचे नियम बारकाईने लिहिले. २००८ च्या तेथील केंद्रीय नियमांनी रुग्णाची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या तंत्रज्ञास नोकरीच्या प्रारंभापासून १८ महिन्यांच्या आत दाखला मिळविणे सक्तीचे केले. परंतु पुढल्याच पोटकलमात पाण्याच्या यंत्रणेची तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाने वैद्यकीय संचालक व नियामक मंडळ यांनी मंजूर केलेला शिक्षणक्रम पुरा करावा, एवढेच म्हटले. ज्याच्या चुकीने एक रुग्ण संकटात येईल त्याला बाहेरची परीक्षा, आणि ज्याच्या चुकीने संपूर्ण पाळी संकटात येईल त्याला घरची तालीम, असा हा उलटा न्याय झाला. आणि जेथे सक्ती केली तेथेही तिचा खर्च कोणी सोसावा याविषयी नियमाने मौन पाळले. काही मालक तो देतात, काही देत नाहीत. तेथील एका प्रमुख दाखल्याची मुदत तीन वर्षांची असून नूतनीकरणास ३० तासांचे शिक्षण आणि त्या मुदतीत ३,००० तासांचे काम दाखवावे लागते. शुल्काची रक्कम हा खर्चाचा एक भाग झाला. शिक्षणाचे तास, त्यांसाठी घेतलेल्या रजा, प्रवास, आणि बाळंतपण वा घरातील आजारपण यांमुळे कामाचे तास कमी पडले तर पुन्हा परीक्षेस बसण्याची पाळी, हा त्याहून मोठा भाग होय, आणि तो बहुधा कोणाच्याही हिशेबात धरला जात नाही.

आपल्या देशात हे सारे आज घडणीच्या अवस्थेत आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला, डायलिसिस-तंत्रज्ञ त्याच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात परावैद्यक परिषद आधीपासून आहे. २०१६ च्या अंदाजपत्रकात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत खाजगी भागीदारीची पद्धत घातली : जागा, वीज व पाणी सरकारचे, यंत्रे, आरओ प्लांट आणि मनुष्यबळ कंत्राटदाराचे. म्हणजे हा तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी सरकारी इमारतीत राबणारा पण सरकारी नोकर नसलेला, मुदतबंद करारावर जगणारा मनुष्य आहे. नियम लिहिले जात असतानाच खर्चाचा प्रश्न निकालात काढला नाही, तर तो आपोआप सर्वांत दुर्बळ माणसाच्या पगारातून वसूल होईल.

या दुसऱ्या पक्षाचा सर्वांत भारदस्त युक्तिवाद असा की डॉक्टर स्वतःच्या नोंदणीचे नूतनीकरण स्वखर्चाने करतो, महाराष्ट्र वैद्यक परिषदेसाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक जमवितो, मग तंत्रज्ञाने का करू नये? ही तुलना मुळातच सदोष आहे. डॉक्टरच्या सनदेत स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार असतो. तो उद्या नोकरी सोडून स्वतःच्या नावाची पाटी लावू शकतो. डायलिसिस-यंत्राचा तंत्रज्ञ कोणती पाटी लावणार? यंत्र संस्थेचे, प्लांट संस्थेचा, रुग्ण संस्थेचे. संस्थेच्या भिंतींबाहेर त्याच्या दाखल्याने त्याला एक रुपयाही मिळत नाही. उलट त्याच्या दाखल्याचा लाभ संस्था पदोपदी घेते : मान्यतेच्या तपासणीत तो दाखविते, निविदेसोबत जोडते, विमा योजनेच्या पात्रतेसाठी पुढे करते. लाभ ज्याचा, भार त्याचा, हा साधा व्यवहारन्याय आहे.

आणि संस्थेच्या दप्तरातच या पक्षाचे खंडन पडलेले आहे. विद्युतवाहकता मोजणाऱ्या प्रमाण-मापकाचे कॅलिब्रेशन दरवर्षी होते, त्याचा दाखला येतो, त्याचे बिल विनातक्रार मंजूर होते. यंत्राच्या वार्षिक देखभालीचा करार आपोआप पुढे चालतो. मापकाचा दाखला नवा करावयाचा खर्च संस्थेचा आणि तो मापक हाती धरणाऱ्या माणसाचा दाखला नवा करावयाचा खर्च त्या माणसाचा, या भेदाचे तर्कशुद्ध कारण मला आजवर कोणाकडूनही ऐकावयास मिळालेले नाही.

संस्थेने पैसे भरले तर शिकलेला माणूस दुसरीकडे निघून जाईल, ही भीती मात्र खरी आहे आणि ती मी झिडकारीत नाही. लहान गावातील केंद्राने तयार केलेला तंत्रज्ञ पुण्या-मुंबईस जातो हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्यावर काही ठिकाणी जो उपाय योजतात, म्हणजे माणसाची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवणे, तो केवळ निंद्य आहे. वर्षभर राहिल्यास नूतनीकरणाची जबाबदारी फिटली, त्याआधी गेल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम परत, असा लेखी करार दोघांच्याही हिताचा ठरेल. आणि मूळ कागद ज्याचा त्याच्याच पेटीत राहील. तसेच यंत्र बनविणारी कंपनी फुकट प्रशिक्षण देतेच, मग वेगळा खर्च कशाला, असेही कोणी विचारतात. कंपनी आपल्या मॉडेलचे सुटे भाग आणि आपल्या पडद्यावरील सूचना शिकविते, आणि ते उपयुक्तही असते. पण गावच्या पाण्याचे ज्ञान देण्याची जबाबदारी तिची नाही, आणि आपला माल वापरणाऱ्याची परीक्षा विक्रेत्याने घ्यावी हे कोणत्याही धंद्यात प्रशस्त मानीत नाहीत.

माझे म्हणणे सर्वच खर्च संस्थेने सोसावा असे नाही. नोकरी लागण्यापूर्वीची पहिली नोंदणी उमेदवाराने स्वतःच्या हिमतीवर करावी. तेथे त्याचा लाभ स्पष्टपणे त्याचाच असतो. परंतु नोकरीत असताना त्या नोकरीच्या अटीखातर जे नूतनीकरण करावे लागते, त्याचे शुल्क, त्यासाठी नेमलेले शिक्षण, जाण्यायेण्याचा खर्च आणि त्या दिवसांचा पगार हे चारही संस्थेच्या खर्चात धरले गेले पाहिजेत, आणि संस्थेने ते डायलिसिसच्या प्रतिसत्र दरातून भागवावेत.

ही रक्कम दरास पेलेल का? हिशेब मांडून पाहू. दहा यंत्रांचे केंद्र, दिवसास दोन पाळ्या, महिन्यास २६ दिवस. म्हणजे महिन्याला ५२० आणि वर्षाला ६,२४० सत्रे. दोन तंत्रज्ञांच्या नूतनीकरणापोटी, बदली माणसाच्या पगारासह, वर्षाला ५०,००० रुपये इतकी सढळ रक्कम गृहीत धरली, तरी दर सत्रास आठ रुपये येतात. रुग्णास टोचावयाच्या फिस्टुलाच्या सुयांची जोडीही एवढ्यात येत नाही. हेच ५०,००० रुपये दोन तंत्रज्ञांत वाटले तर माणशी पंचवीस हजारांचा बोजा होतो, आणि कंत्राटी पगारावरील माणसास तो असह्य आहे. एकाच रकमेची ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे ती कोठे पडावी याविषयी शंका राहू नये. असह्य बोजाचा परिणाम काय होतो हेही उघड आहे : मनुष्य नूतनीकरण लांबवितो, मुदत उलटू देतो, शिक्षणाचे तास केवळ कागदावर भरून घेतो, आणि ज्या हेतूने दाखल्याची योजना केली तो हेतूच विफल होतो.

तेव्हा सरकारने पुढील निविदा काढताना दरपत्रकात तंत्रज्ञांच्या नूतनीकरणाची तरतूद निराळ्या रकान्यात मागवावी, म्हणजे कमी बोलीच्या चढाओढीत तीच प्रथम कापली जाणार नाही. पाण्याची व यंत्रांची देखभाल करणाऱ्याचा दाखला रुग्णाजवळच्या तंत्रज्ञाच्या बरोबरीने बंधनकारक करावा. आणि केंद्राचे मासिक बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने पाण्याच्या तपासणीची नोंदवही जशी मागवून पाहावयाची, तशीच शुल्क संस्थेने भरल्याची पावतीही मागवावी, आणि ती तंत्रज्ञाच्या पगारातून कापून घेतलेली नाही हे त्या माणसाला समोर बोलावून विचारावे.