आद्याक्षर चुकले की…

विष्णु वासुदेव आणि जयंत विष्णु नारळीकर, वडील आणि मुलगा, दोघेही सापेक्षतावादाचे अभ्यासक. संदर्भसूचीत ‘व्ही. व्ही.’च्या जागी ‘जे. व्ही.’ पडले, की वडिलांचे काम मुलाच्या खात्यावर जमा होते. स्त्रियांची अडचण याहून मोठी. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच नव्हे, मधले नावही बदलते. कमला सोहोनी यांचा रॉबिन हिल यांच्यासह लिहिलेला, वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा १९३९ चा निबंध ‘के. भागवत’ या नावाने आहे, तोही इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने नव्हे, ‘व्ही’ने. ‘सोहोनी’ शोधणाऱ्याच्या हाती तो लागायचा कसा?

२०१२ पासून ‘ऑर्किड’ हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक विनामूल्य मिळतो. विद्यापीठांनी पीएच.डी.च्या नोंदणीवेळीच तो मागावा. मात्र जुन्या निबंधांना तो आपोआप चिकटत नाही आणि दुसऱ्याच्या सूचीवरून नावे उतरवण्याची खोडही त्याने जात नाही. त्यासाठी मूळ निबंध उघडूनच नाव घ्यावे लागते. नेमणुका आणि निधी ठरवताना हेच संदर्भ मोजले जातात. मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही करण्यापूर्वी निदान दहा नोंदी स्वतः ताडून पाहाव्यात.