परवाना डुकराचा, बंदूक कुठली?

पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरकपारीत रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचं वावर उकरून टाकतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार वन खात्याच्या परवानगीने पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारता येतं. शेतकऱ्याचा तो हक्क रास्तच आहे.

पण मारायचं कशाने?

ठासणीच्या बंदुकीतले किंवा बारा बोअरच्या काडतुसातले बारीक छर्रे पांगतात आणि त्यांचा जोर झपाट्याने ओसरतो. डुकराची कातडी जाड, खांद्यावर चिवट थर. छर्रे तिथेच अडकतात. जनावर जखम घेऊन उसात शिरतं, कुजून मरतं किंवा सकाळी पाण्याच्या पाळीला आलेल्यावर उलटतं. हृदय-फुप्फुसापर्यंत पोचणारी एकच जड गोळी, तीही जवळून, हे हाल टाळते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी रायफलीचा किमान व्यास ६ मिलिमीटर आणि गोळीचं किमान वजन साडेपाच ग्रॅम ठरवून दिलंय. आपला सांबरही अंगाने त्याच तोलाचा, पण त्याची शिकार गुन्हाच आहे आणि कोयना-चांदोलीत ती तशीच राहायला हवी.

वन खात्याने डुकराच्या परवान्यावर हत्यार, गोळी आणि अंतर स्पष्ट लिहावं, आणि नेम तपासल्याशिवाय तो कुणालाही देऊ नये.