पोतदार सरांचा बायोडेटा

'थ्री इडियट्स' न पाहिलेला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शोधून दाखवा, एक महिन्याचं मेसचं बिल माझ्याकडून! सिनेमा 2009 चा, म्हणजे तेव्हा आम्ही बालवाडीत. तरी सगळा पाठ. त्यात मशीनची डेफिनिशन विचारून रँचोला वर्गाबाहेर काढणारे प्रोफेसर आहेत ना, त्यांचा तो वैतागलेला प्रश्न हॉस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. ओरलची तयारी करताना कुणी फेकाफेकी करायला लागलं की हमखास तोच.

ते प्रोफेसर म्हणजे अच्युत पोतदार. 18 ऑगस्ट 2025 ला ठाण्यात ते गेले. वयाची 91 वर्षं पूर्ण व्हायला फक्त चार दिवस कमी होते. त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या स्टेटसवर तोच सीन. त्यात वाईट काही नाही, पण एवढ्या मोठ्या आयुष्यातला तेवढाच दोन मिनिटांचा तुकडा आपण उचलला याचं मला वाईट वाटतं. कारण त्यांचा बायोडेटा आपल्या प्लेसमेंट सेलच्या फॉर्ममध्ये भरायला घेतला, तर फॉर्मच्या रकान्यांत बसणारच नाही.

बघा. जन्म 1934, जबलपूरचा. आधी मध्य प्रदेशात रीवा इथे प्राध्यापक. (म्हणजे सिनेमातले 'सर' खरोखरच सर होते!) मग भारतीय सेनेत. 1967 साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले, तेव्हा वय बत्तीस-तेहतीस. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ 25 वर्षं नोकरी. आणि सिनेमा? तो चाळिशी उलटल्यावर. 1980 चा गोविंद निहलानींचा 'आक्रोश', पुढे 'अर्धसत्य', 'तेजाब', 'परिंदा', टीव्हीवर 'वागले की दुनिया'. हे सगळं नोकरी चालू असताना. 1992 साली 58 व्या वर्षी रिटायर झाले आणि मग सुसाट! सव्वाशेच्या आसपास सिनेमे. 2020 मध्ये झी मराठीवर 'माझा होशील ना' आली, त्यातले आप्पा हेच. तेव्हा वय पंच्याऐंशी. आमच्या घरी आजी ती सिरीयल बघायची. मी तिला सांगितलं की हे थ्री इडियट्सवाले, तर ती म्हणाली, कुठले इडियट्स?

आता गंमत अशी की, ज्या सिनेमाने आपल्याला 'मन सांगेल ते कर, इंजिनिअरिंग गेलं खड्ड्यात' हे शिकवलं, त्याच सिनेमातल्या या माणसाने नेमकं उलटं केलं. फरहान कॅमेरा घेऊन निघून जातो, आपण टाळ्या वाजवतो. पोतदारांनी ऑफिसही सांभाळलं आणि शूटिंगही. कुणी त्यांना भित्रा म्हणेल? मला तर हा मार्ग जास्त अवघड वाटतो. एकदा राजीनामा देण्यात जेवढा ड्रामा आहे, तेवढा वर्षानुवर्षं रोज दोन्हीकडे वेळेवर पोचण्यात नाही, म्हणून त्यावर कुणी सिनेमा काढत नाही इतकंच.

आणि फरहान झालेला माधवन! कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, एनसीसीचा गाजलेला कॅडेट. त्याला सैन्यातच जायचं होतं, वयाच्या अटीत थोडक्यात हुकलं. म्हणजे एकाच सिनेमात एक माजी कॅप्टन आणि एक होता होता राहिलेला अधिकारी. असो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या विंगमधली एक मैत्रीण. तिला आर्मीच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या टेक्निकल एंट्रीला अर्ज करायचाय. एसएसबी, मग चेन्नईचं ओटीए, मग दहा वर्षं सेवा, आणि हवं तर आणखी चार. घरच्यांचा विरोध बंदुकीला नाही, तो 'चौतीस-पस्तिसाव्या वर्षी बाहेर पडलीस तर पुढे काय?' या प्रश्नाला आहे. प्रश्न खोटा नाही. पण पोतदार त्याच सुमाराच्या वयाला बाहेर पडले होते, आणि ज्यासाठी देश त्यांना ओळखतो ते काम तेव्हा सुरूही झालं नव्हतं! आपल्याला मात्र वाटतं की सातव्या सेमिस्टरला कॅम्पसमध्ये जे हातात पडेल तेच कपाळावर लिहिलेलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथेही प्रत्येक गोष्टीची एकच डेफिनिशन, शब्द इकडचा तिकडे झाला की अर्धा मार्क कट. माणसाची पण आपण तशीच एका ओळीत डेफिनिशन करतो.

कुणी म्हणेल, तो जमाना वेगळा होता. सरकारी कंपनीची पक्की नोकरी, वर रजा मिळत असणार. हिंजवडीतून रात्री नऊला पीएमपीने परत येणारा माणूस कसली तालीम करणार? हे मात्र पटतं. आपल्याकडे 'पुरुषोत्तम'साठी भरत नाट्य मंदिर दणाणून सोडणारी पोरं नोकरी लागल्यावर दोन वर्षांत फक्त प्रेक्षक होतात, आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नाही. म्हणून पोतदारांसारखं सगळ्यांनी करा असं मी म्हणतच नाही. एवढंच की 'एकतर हे नाहीतर ते' हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही.

प्लेसमेंट सेलला एक विनंती. दरवर्षी सेमिनारला कंपन्यांचे एचआर येतात, पॅकेज सांगतात, चहा-समोसा खाऊन जातात. यंदा एखादा शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलेला अधिकारी बोलवा ना. आपण पुण्यात राहतो, दापोडीला सीएमई आहे, खडकवासल्याला एनडीए, शोधायला लांब जायला नको. हॉल भरायची जबाबदारी आमच्या विंगची. पहिला प्रश्नही तयार आहे, मैत्रिणीच्या घरच्यांचाच, आणि तो विचारायला तिचे बाबा स्वतः येतो म्हणालेत.