पाटी पुसण्याचा अधिकार

आजचा लेख रागाने लिहिलेला आहे. राग संगणकावरच्या अर्जांचा, म्हणजे खरं तर ते अर्ज बनवणाऱ्यांचा आहे. चौदा रकाने नीट भरावेत, पंधराव्यात पिनकोडचा एक आकडा कमी पडावा, 'सादर करा' दाबावं, आणि लाल अक्षरं उमटून वरचे चौदाही रकाने कोरे व्हावेत! निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या पोरांचे, शेतकऱ्यांचे अर्ज भरायला मदत करतो. "सर, सारं पुन्हा भरा लागते का?" हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले. एक गणित चुकलं म्हणून मास्तराने पोराची अख्खी वही फाडली, तर पालक शाळेत येऊन जाब विचारतील. इथे मात्र 'तांत्रिक अडचण' म्हटलं की सगळे गप्प!

माझा नातू पुण्यात हेच काम करतो. त्याला खोदून खोदून विचारलं. हल्लीचं पान लहान लहान तुकड्यांचं बनतं. रकाना एक तुकडा, यादी दुसरा, बटण तिसरा. त्यांना 'कंपोनंट' म्हणतात. आत्ता काय टाइप झालंय, यादी उघडी आहे की मिटलेली, हे प्रत्येकाला लक्षात ठेवावं लागतं. या आठवणीचं नाव 'स्टेट'. फेसबुकने २०१३ साली खुली केलेली 'रिअ‍ॅक्ट' यासाठी खूप वापरतात. २०१९ पासून तिच्यात 'यूजस्टेट' नावाची सोय आहे. एका ओळीत तुकड्याला आठवण देता येते. मग अडचण कसली? आठवण कुठे ठेवायची आणि कधी पुसायची, याचा विचारच केलेला नसतो.

शाळेत हा विचार आम्ही रोज करायचो. पाटी पोराची, फळा वर्गाचा, दाखल-खारीज रजिस्टर ऑफिसातलं. पोराची बेरीज कोणी रजिस्टरमध्ये लिहीत नाही, आणि जन्मतारीख कोणी पाटीवर ठेवत नाही. अर्जातही तसंच. यादी उघडी की मिटलेली, हे यादीनेच लक्षात ठेवावं. जिल्हा मात्र दोघांना लागतो. 'वर्धा' निवडलं की पुढच्या यादीत आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर आणि वर्धा हे आठ तालुके यायला हवेत. म्हणून जिल्हा दोघांच्या वर, अर्जापाशी ठेवायचा. जिल्हा बदलून नागपूर केला तर निवडलेलं हिंगणघाट पुसणं योग्यच. पण त्यासोबत बापाचं नाव का पुसता?

काहीजण उलट टोक गाठतात. सगळंच एका मध्यवर्ती कोठारात कोंबतात. त्यासाठी २०१५ साली 'रिडक्स' आलं. ते लिहिणाऱ्यांपैकी डॅन अब्रामोव्ह यांनीच २०१६ मध्ये सांगितलं की तुम्हाला कदाचित त्याची गरज नसेल. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गावाचा प्रश्न गावात सुटत असेल तर दिल्लीला कशाला न्यायचा?

आणखी एक घोळ पाहा. कुटुंबाच्या यादीत वडील, आई, बहीण लिहिलं. आईची ओळ काढली, तर बहिणीच्या नावापुढे आईची जन्मतारीख! कारण आठवण माणसाशी न बांधता ओळीच्या क्रमांकाशी बांधलेली. पाट्या बाकाच्या क्रमांकावर वाटल्या आणि मधलं एक पोर उठून गेलं, की मागचं पोर पुढे सरकून दुसऱ्याचीच पाटी मिरवणार. हजेरीपटावर नाव असतं ते याचसाठी.

यावर "सुरक्षिततेसाठी पुसतो" असं उत्तर मिळतं. शंका रास्त आहे. सेवा केंद्रातला संगणक दहाजणांचा. ब्राउझरच्या 'लोकल स्टोरेज'मध्ये आधार क्रमांक टाकला तर खिडकी बंद केल्यावरही तो तिथेच राहतो, पुढच्याच्या हाती लागू शकतो. तिथे ठेवूच नये. पण अर्जदार स्वतःच्या खात्यात शिरलेला असतो ना? मग अर्धा अर्ज मसुदा म्हणून त्याच्या खात्यात ठेवा. आणि एक आकडा चुकला म्हणून समोरचे रकाने कोरे करण्यात कुठली सुरक्षितता?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरल्या मुदतीत सेवा मिळालीच पाहिजे, असं तो सांगतो. पण ती मुदत अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. त्याआधी तीनदा पुसल्या गेलेल्या अर्जात बुडालेली रोजी कुठल्याच हिशेबात येत नाही. ज्याचा वेळ गेला त्याच्याकडे तक्रारीला पावतीसुद्धा नसते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. अर्धवट भरलेला मजकूर भरणाऱ्याचा आहे. चूक असेल तेवढीच दाखवा, बाकीच्याला हात लावू नका. आणि अर्ज जनतेपुढे ठेवण्याआधी तो बनवणाऱ्याने एकदा हळू नेटवर, सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहून, स्वतः भरून पाहावा. मुद्दाम एक आकडा चुकवून!